मणक्यातली चरबी : गोळी कमी करायची की ऑपरेशन करायचं?

"चप्पल पायातून निसटते का? आणि निसटली की तुम्हाला लगेच कळतं का?"

न्यूरॉलॉजिस्ट बाईंचा हा पहिलाच प्रश्न. मी तोवर फक्त पाठदुखीबद्दल बोलले होते. चप्पल निसटत होती, डाव्या पायातली. चार पावलं पुढे गेल्यावर तळव्याला जमीन गार लागायची तेव्हा लक्षात यायचं. पण ही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नव्हतं. पाय जड झालेत ते वजनामुळे, आणि वजन वाढलंय ते गोळ्यांमुळे, असा माझा हिशेब होता.

गोळ्या म्हणजे प्रेडनिसोलोन, एक स्टेरॉइड. मला फुफ्फुसांचा सार्कॉइडोसिस आहे. प्रतिकारशक्तीच्या पेशी कारण नसताना एकत्र येऊन बारीक गाठी करतात, त्या फुफ्फुसात झाल्या की खोकला आणि धाप. स्टेरॉइड सुरू झालं आणि मी पुन्हा न थांबता जिना चढायला लागले, त्यामुळे त्या गोळीबद्दल माझ्या मनात राग नाही. अडचण अशी की डोस उतरवला की खोकला परत यायचा आणि डोस पुन्हा वर जायचा. असं करता करता काही वर्षं गेली. चेहरा गोल झाला, मानेच्या मागे उंचवटा आला, पोट सुटलं आणि हातपाय मात्र बारीकच राहिले. हे सगळं आरशात दिसत होतं. पाठीच्या कण्याच्या आतही तेच चाललंय, हे आरशात दिसत नाही.

तपासणी बरीच लांबली. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय नको तेवढा उडाला. तळव्यावर रेघ ओढली तर अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर गेला. पायाच्या अंगठ्यावर ठेवलेल्या ट्यूनिंग फोर्कची थरथर मला जाणवलीच नाही, नुसतं गार लोखंड लागलं. पाय जुळवून डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तेव्हा मी झोकांडी गेले आणि बाईंनी आधीच पुढे धरलेल्या हातावर आले. मग टाचणीनं टोचत टोचत त्या पायाकडून वर आल्या. छातीच्या खालच्या बाजूला एका रेषेच्या वर टोचणं स्पष्ट, त्याच्याखाली बोथट. "पाय बिघडलेले नाहीत," त्या म्हणाल्या, "पायांकडे जाणारी वायर छातीच्या पातळीवर कुठेतरी दबलीय. एमआरआय पूर्ण कण्याचा करू, आणि कॉन्ट्रास्ट देऊनच करू."

कॉन्ट्रास्ट म्हणजे आजारी भाग फोटोत उजळवणारं, शिरेतून द्यायचं औषध. ते का, हे मला नंतर कळलं, आणि माझ्या सगळ्या कहाणीतला अवघड पेच तोच होता. सार्कॉइडोसिस कधीकधी मज्जारज्जूतही शिरतो. तसं असेल तर उपचार म्हणजे स्टेरॉइड भरपूर वाढवणं. आणि स्टेरॉइडमुळेच कण्यात काही वाढलं असेल तर उपचार म्हणजे स्टेरॉइड उतरवणं. तेच पाय, तीच लक्षणं, आणि औषध एकदम उलट दिशेला. घाईनं अंदाज बांधून कुणी डोस वाढवला असता तर काय झालं असतं, याचा मी अजूनही फार विचार करत नाही.

एमआरआयचे फोटो बाईंनी मला स्वतः दाखवले. कण्याच्या नळीतून मज्जारज्जू खाली उतरतो आणि त्याच्या मागे, छातीच्या मधल्या भागात, एक लांबट पांढरा पट्टा होता. दुसऱ्या प्रकारच्या फोटोत, ज्यात यंत्र चरबीचा सिग्नल मुद्दाम पुसून टाकतं, तोच पट्टा काळा झाला. म्हणजे ती चरबीच. गाठ नाही, पू नाही, रक्त नाही. कॉन्ट्रास्ट दिल्यावर मज्जारज्जू कुठेही उजळला नव्हता, म्हणजे सार्कॉइडचा हल्ला तिथे दिसत नव्हता. रिपोर्टवर नाव होतं, स्पायनल एपिड्यूरल लायपोमॅटोसिस.

ही चरबी प्रत्येकाच्या कण्यात असते. मज्जारज्जूभोवती ड्युरा नावाची जाड पिशवी असते, आणि ती पिशवी आणि मणक्याचं हाड यांच्यामध्ये थोडी चरबी गादीसारखी पसरलेली असते. हाडाची नळी काही पसरत नाही. त्यामुळे आतली चरबी फुगली की जागा द्यावी लागते ती मज्जारज्जूला. छातीच्या भागात ही नळी मुळातच अरुंद. तिथे मागची चरबी ७ मिलिमीटरपेक्षा जाड असली तर ती जास्त समजतात. माझी त्याच्या बरीच वर होती. "ही कॅन्सरची गाठ नाही ना?" हे मी दोनदा विचारलं. नाही. तिला स्वतःचं आवरणसुद्धा नसतं, साधी चरबीच, फक्त नको तिथे आणि नको तेवढी.

नाव नवं असलं तरी गोष्ट नवी नाही. १९७५ साली, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर स्टेरॉइडवर असलेल्या एका रुग्णात असा दाब पहिल्यांदा नोंदवला गेला. बाहेरून घेतलेलं स्टेरॉइड हे ठळक कारण. शरीरातच कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, जास्त बनणारा कुशिंगचा आजार हे दुसरं, आणि लठ्ठपणा हे तिसरं. काहींमध्ये कारण सापडतच नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण "वजन कमी करा, सगळं ठीक होईल" हे वाक्य मी फार ऐकलं. वजन जास्त असलेल्या सगळ्यांना हे होत नाही, आणि स्टेरॉइड घेणाऱ्या सडपातळ माणसालाही होऊ शकतं. ऐकवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण त्या वाक्यानं आजार आपल्याच जिभेचा दोष होऊन बसतो.

मग डॉक्टरांच्या फेऱ्या. छातीचे डॉक्टर, हार्मोन्सच्या डॉक्टर, स्पाइन सर्जन. दादा प्रत्येक वेळी बरोबर आला, कारण मी ऐकते तेवढंच, आणि तो लिहून घेतो.

सर्जनना पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी ऑपरेशनची तारीख मिळेल अशा तयारीनं गेले होते. ते म्हणाले, "आज नाही." पायात ताकद होती, आधाराशिवाय चालत होते, लघवीवर ताबा होता आणि मज्जारज्जूच्या आत इजेची पांढरी खूण फोटोत दिसत नव्हती. अशा वेळी आधी कारण काढून बघायचं. कारण निघालं तर चरबी आपोआप आटते, तशी उदाहरणं नोंदवलेली आहेत. शिवाय वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेल्या माणसाला चाकू लावणं सोपं नसतं. जखम हळू भरते, जंतुसंसर्गाची भीती जास्त, हाडं ठिसूळ.

पण त्यांनी एक कागद दिला आणि तो फ्रिजवर लावायला सांगितला. पायाची ताकद कमी झाली, चालणं स्पष्ट बिघडलं, लघवी सुरू व्हायला वेळ लागायला लागला किंवा कळत नकळत होऊ लागली, शौचाचा ताबा गेला, बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीत यायचं.

दादानं विचारलं, "आणि डोस कमी करण्यात किती वेळ जाईल?"

"महिने."

"तेवढा वेळ आहे का?"

सर्जन थोडं थांबून म्हणाले, "चरबी उतरेल, पण ती तिच्या वेगानं. मज्जारज्जू तोवर थांबेल याची हमी मी देऊ शकत नाही. म्हणून तर कागद दिलाय."

त्या कागदामुळे मला एक गोष्ट समजली, जी कुणी आधी अशी मांडली नव्हती. गोळी उतरवणं आणि ऑपरेशन हे एकमेकांसमोर उभे केलेले दोन पर्याय नाहीतच. कारण सापडलं तर त्याचा उपचार प्रत्येकाला करावाच लागतो. प्रश्न एवढाच की तो लागू पडेपर्यंत नसा वेळ देतात की नाही. चरबी किती मिलिमीटर आहे यापेक्षा पाय काय करतायत यावर सगळं ठरतं.

डोस उतरवणं हा प्रकार बाहेरून अगदी किरकोळ दिसतो. रोज एक गोळी कमी, झालं. पण बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं जवळजवळ सोडून देतात. गोळी एकदम बंद केली तर शरीराकडे काहीच उरत नाही. रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, जीवावर बेतू शकतं. ज्यांना हा रिपोर्ट आलाय आणि जे रागानं गोळीची डबी फेकायच्या बेतात आहेत, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे : फेकू नका.

मी २० मिलिग्रॅमवर होते. १० पर्यंत अडीच-अडीचनं उतरायचं ठरलं आणि त्याखाली एकेक मिलिग्रॅमनं. शरीराची रोजची स्वतःची गरज साधारण ५ मिलिग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे त्या पातळीजवळ आल्यावर खरी परीक्षा, असं हार्मोन्सच्या डॉक्टर म्हणाल्या. तिथे सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसोल मोजून पुढचं पाऊल. ताप आला, उलट्या झाल्या, अपघात झाला तर डोस तात्पुरता वाढवायचा, आणि "मी स्टेरॉइडवर आहे" असं लिहिलेलं कार्ड पाकिटात कायम. त्यांनी थायरॉइड, साखर आणि हाडांची घनताही तपासून घेतली. हाडं अपेक्षेप्रमाणे विरळ निघाली. दबलेल्या, चपट्या झालेल्या मणक्यानंही अशीच पाठ दुखू शकते, म्हणून तेही बघावं लागलं. सुदैवानं मणका मोडलेला नव्हता.

सार्कॉइडोसिसला मोकळं सोडून चालणार नव्हतं. म्हणून छातीच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं, स्टेरॉइड नसलेलं पण प्रतिकारशक्ती आवरणारं औषध. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर घातक. मी वार ठरवला आणि बाकीच्या दिवशी ती पट्टी कपाटाच्या वरच्या कप्प्यात. बरोबर फॉलिक अॅसिड, आणि ठरावीक काळानं यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या. त्याचा परिणाम दिसायला महिने लागतात, म्हणून त्या काळात दोन्ही औषधं एकमेकांना ओलांडत चालतात.

उतरणीचे दिवस वाईट गेले. सांधे आणि स्नायू असे ठणकायचे की फ्लू झाल्यासारखं वाटायचं. थकवा तर असा की दात घासून झाल्यावर बसावंसं वाटे. भूक मात्र कमी झाली, हा एक फायदा. स्टेरॉइडची भूक काय असते हे घेतलेल्यालाच माहीत. पोट भरलेलं असतं आणि डोकं म्हणतं अजून. ती ओसरली तसं वजन थोडं थोडं उतरायला लागलं. वजन उतरवायच्या नव्या इंजेक्शनांबद्दल, सेमाग्लुटाइड वगैरे, मी विचारलं होतं. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की कारण लठ्ठपणा असेल त्यांच्यासाठी तो विचार योग्य, काहींना तर वजन कमी करायची शस्त्रक्रियाही सुचवतात. माझं मुख्य कारण गोळी होती, म्हणून आधी ती. शिवाय त्या इंजेक्शनांनी पोट हळू रिकामं होतं, आणि कधीही भूल द्यावी लागेल अशा माणसाच्या बाबतीत भूलतज्ज्ञाला ते माहीत असावं लागतं.

दुखण्याचं काय करायचं, हा वेगळाच अध्याय. दरम्यान एका ठिकाणी, पाठदुखीसाठी, कण्यात इंजेक्शन घ्यायचा सल्ला मिळाला. "एपिड्यूरल, दहा मिनिटांचं काम, लगेच आराम." मी हो म्हणायच्या बेतात होते. न्यूरॉलॉजिस्ट बाईंना फोन केला तर त्यांनी एकच विचारलं, "त्यात औषध कोणतं आहे ते विचारलंत?" स्टेरॉइड. म्हणजे जिथे चरबी वाढलीय तिथेच स्टेरॉइड नेऊन सोडायचं, आणि तेही आधीच जागा नसलेल्या नळीत. सर्वसाधारण स्लिप डिस्कला ते इंजेक्शन ठीक असेल, पण या आजारात त्यानं त्रास वाढल्याची उदाहरणं आहेत. मला प्रीगाबालिन हे नसांच्या दुखण्याचं औषध दिलं, रात्रीचं, अगदी कमी. त्यानंही वजन वाढू शकतं आणि चक्कर येते, म्हणून जास्त नाही. फिजिओथेरपिस्टनी तोल सांभाळायचे व्यायाम दिले, पायांना ताकद येईल असे, धरायला कठडा ठेवून. पाठीला झटका देऊन मणका बसवून देतो म्हणणाऱ्या कुणाच्याही हाताखाली जायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

काही आठवडे बरे वाटले. चप्पल कमी वेळा निसटायची. मग छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं व्हायला लागलं, दिवसभर. जिना उतरताना पाय कडक व्हायचे, वाकायचेच नाहीत. आणि एक दिवस बाथरूममध्ये बसून राहिले, लघवी लागलेली, आणि सुरूच होईना.

फ्रिजवरचा कागद वाचायची गरज पडली नाही.

इमर्जन्सीत त्यांनी लघवी करून झाल्यावर सोनोग्राफी केली. मूत्राशयात जेवढी उरायला नको तेवढी उरलेली होती. नवा एमआरआय काढला. चरबी जवळजवळ तेवढीच, पण मज्जारज्जूच्या आत आता एक फिकट पांढरी छटा. सर्जन म्हणाले, "आता थांबायचं नाही." या वेळी दादानं काहीच विचारलं नाही.

ऑपरेशनचं नाव लॅमिनेक्टमी. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाची कमान असते, ती काढायची, म्हणजे नळी मागून उघडते, आणि मग चरबी काढायची. मला स्क्रू आणि सळया टाकतील का याची भीती होती. सर्जननी सांगितलं की छातीच्या भागाला बरगड्यांचा आधार असतो, आणि फक्त मधली कमान काढून बाजूचे सांधे राखले तर बहुतेक वेळा त्यांची गरज पडत नाही. त्यांनी धोकेही नीट सांगितले. ड्युरा फाटून पाणी गळणं, आत रक्त साठणं, जंतुसंसर्ग, आणि ताकद आणखी जाण्याची लहान पण खरी शक्यता. आणि हेही की ऑपरेशन दाब काढतं, झालेली इजा काढत नाही.

भूलतज्ज्ञांना मी कार्ड दाखवलं. अॅड्रिनल झोपलेली असताना ऑपरेशनचा ताण शरीराला झेपत नाही, म्हणून शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन देतात, तेही स्टेरॉइडच. म्हणजे जे कमी करायला महिने घालवले तेच पुन्हा सलाइनमधून. मला हसू आलं, त्यांना कळलं नाही का ते.

ऑपरेशन पालथं झोपवून झालं. डोक्याला आणि पायांना इलेक्ट्रोड लावून मज्जारज्जूतले सिग्नल पूर्ण वेळ बघत होते, हे नंतर कळलं. चरबी ड्युरावरून सहज सुटली, वेळ गेला तो तिच्यात पसरलेल्या बारीक शिरांचं रक्त थांबवण्यात. काढलेली चरबी तपासायला पाठवली होती. साधी, परिपक्व चरबी, सार्कॉइडची गाठ एकही नाही. तो रिपोर्ट मला ऑपरेशन नीट झाल्याच्या बातमीइतकाच महत्त्वाचा वाटला, कारण त्यानं डोस वाढवायचा की कमी करायचा हा प्रश्न संपवला.

शुद्धीवर आल्यावर पहिली जाणवलेली गोष्ट म्हणजे छातीचा पट्टा सुटला होता. पाठ मात्र फोडून काढल्यासारखी दुखत होती. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं. हायड्रोकॉर्टिसोननं साखर वाढली होती, ती इन्सुलिननं सांभाळली. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढल्यावर लघवी स्वतःहून झाली तेव्हा नर्सनं मोजून, लिहून, "छान" म्हटलं. त्वचा पातळ असल्यामुळे टाके नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवले. जखमेच्या एका टोकाला लाली आली तेव्हा दोनतीन दिवस सगळे घाबरलो, ती आपोआप बसली.

परत काय आलं? ताकद आधी आली, लघवीचा ताबा तिच्यापाठोपाठ. पायांचा कडकपणा हळूहळू सैल झाला, थंडीत अजून येतो. अंगठ्यातली थरथरीची जाणीव पूर्ण आलेली नाही आणि बहुधा येणार नाही. अंघोळ करताना डोळ्यांवर साबण आला की दांडी धरावी लागते, कारण डोळे मिटले की पायांना जमिनीचा अंदाज लागत नाही. चप्पल आता मागून पट्टा असलेलीच घालते.

ऑपरेशन झालं म्हणून डोस उतरवणं थांबलं नाही. चरबी पुन्हा येऊ शकते, कारण तेच राहिलं तर. मधे एकदा खोकला उसळला. पूर्वी असता तर डोस वाढला असता. या वेळी छातीच्या डॉक्टरांनी फुफ्फुसांची तपासणी केली, फुंकायचे आकडे फारसे पडलेले नव्हते, म्हणून प्रेडनिसोलोन आहे तिथेच ठेवून मेथोट्रेक्सेट थोडं वाढवलं. खोकला बसला. तेही पुरलं नसतं तर इन्फ्लिक्सिमॅब, प्रतिकारशक्ती आवरणारं आणखी एक औषध, हा पुढचा विचार होता. सध्या मी ५ मिलिग्रॅमवर आहे. सकाळचं कॉर्टिसोल अजून कमीच येतं, त्यामुळे इथून खालची प्रत्येक पायरी तपासणी करूनच.

कमरेच्या भागातही चरबी आहे. तिथे ती मज्जातंतूंच्या पिशवीला चहूबाजूंनी दाबते आणि आडव्या छेदाच्या फोटोत ती पिशवी इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, खाली फक्त सुटे मज्जातंतू असतात, आणि ते दाब जरा जास्त सहन करतात. मला फार वेळ उभं राहिलं की मांड्या भरून येतात, पुढे वाकलं किंवा बसलं की मोकळं वाटतं. किती चालल्यावर थांबावं लागतं हे मी लिहून ठेवते, आणि गेल्या काही महिन्यांत ते अंतर वाढतंय. सर्जनच्या मते तूर्त कमरेला हात लावायचा नाही, वजन आणि डोस उतरतोय तोवर बघायचं. पुढचा एमआरआय डोस आणखी खाली गेल्यावर. मधे लघवी किंवा पाय बदलले तर मात्र त्याच दिवशी.